रिपोर्ट नॉर्मल आहे, पण दादाची पट्टी चुकते

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी मिरजेत राहतो, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली, रक्त काढायचं, मशीनला लावायचं आणि रिपोर्ट टाईप करायचा हेच काम. पत्र लांबणार आहे, जमलं तर कापू नका, आणि माझं नाव छापू नका कारण माझं छापलं की दादाचं आपोआप कळणार. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, एचआयव्ही आहे, आणि त्याला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला लिही, माझं नाव नको आणि दुकानाचं नको, बाकी काय लिहायचं ते लिही.

दर वर्षी १ डिसेंबरला पेपरात एड्स दिनाच्या रॅलीचा फोटो येतो, कॉलेजची पोरं लाल रिबन लावून घोषणा देत असतात. चांगलंच आहे, व्हायलाच पाहिजे. पण त्यात जे बोललं जातं ते सगळं लागण होऊ नये म्हणून. ज्यांना लागण होऊन पंधरा-वीस वर्षं झाली, जे रोज गोळी खाऊन कामधंदा करतायत, पोरांची लग्नं करतायत, पन्नाशी साठीला आलेत, त्यांच्या डोक्याचं काय होतंय यावर कोणीच बोलत नाही, म्हणून हे पत्र.

दादा आता ५६ वर्षांचा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका आडतीवर तीस वर्षं दिवाणजी. एचआयव्ही २००८ साली कळला. कसा झाला ते विचारू नका, आम्हीपण घरात तो प्रश्न विचारायचं कधीच सोडून दिलं. वहिनी निगेटिव्ह, पोरगा निगेटिव्ह, ही देवाची कृपा. तेव्हा त्याचा सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ८७ होता, म्हणजे शरीराची लढायची ताकद जवळजवळ संपलेली. सरकारने फुकट एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, २००४ लाच चालू केली होती पण त्या काळात सीडी फोर बराच खाली आल्याशिवाय गोळ्या देत नव्हते, पॉझिटिव्ह कळला की लगेच गोळ्या हे धोरण २०१७ ला आलं. दादाच्या बाबतीत तर कळायलाच उशीर झाला. पण गोळ्या चालू झाल्या, वजन भरलं, दोन वर्षात माणूस परत गादीवर बसून पट्ट्या लिहायला लागला.

पट्टी म्हणजे काय ते यार्डाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शेतकऱ्याच्या हळदीचा सौदा निघाला की किती पोती, वजन किती, भाव किती, त्यातून हमाली तोलाई वजा जाता हातात किती पडणार हे ज्या कागदावर लिहून देतात ती पट्टी. दादा हे कॅल्क्युलेटरला हात न लावता सांगायचा. शेतकरी समोर उभा असायचा, दादा पेन कानाला लावून छताकडं बघायचा आणि आकडा बोलायचा, आणि मग बाकीचे मशीनवर करून बघायचे तर तोच आकडा.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, ऐन सीझनला, जतकडच्या एका शेतकऱ्याची पट्टी चुकली. १४ पोती होती, वजनाची बेरीज दादाने १२ चीच धरली. तो शेतकरी जुना, दादाच्या ओळखीतला, दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "दिवाणजी, काल बरं नव्हतं का?" एवढंच. ओरडला नाही, भांडला नाही. दादा त्या रात्री जेवला नाही असं वहिनी सांगते. मग पंधरा दिवसांनी परत चुकली. मग एकदा एकाची पट्टी दुसऱ्याच्या नावावर. मालक चांगले आहेत, त्यांनी बोलून दाखवलं नाही, फक्त वही काढून घेतली आणि गोडाऊनला बसवलं, पोती मोजायला. यार्डात लोकं बोलायला लागली की दिवाणजी प्यायला लागले. दादाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही.

घरी पण हळूहळू दिसत होतं, आमच्या लक्षात आलं नाही एवढंच. टीव्ही बघता बघता आत्ता काय झालं ते विचारणार. शंभर फुटी रस्त्यावरून घरी यायला रोजचा रस्ता, एक दिवस विश्रामबागला जाऊन उभा राहिला आणि तिथून मला फोन, "इथनं कुठं वळायचं रे?" शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, सही वेगळी यायला लागली, बँकेने चेक परत पाठवला. आणि एकदम गप्प झाला. पूर्वी घरात पाऊल ठेवलं की यार्डातल्या चार गोष्टी सांगणारा माणूस, आता विचारलं तरच बोलणार.

मी काय केलं? मी म्हटलं टेन्शन घेऊ नको, तुझे रिपोर्ट बघ, सीडी फोर ६०० च्या वर, व्हायरल लोडच्या रिपोर्टवर टार्गेट नॉट डिटेक्टेड लिहिलंय, म्हणजे रक्तात मशीनला विषाणू सापडतच नाही, अजून काय पाहिजे. मी रोज पन्नास माणसांना रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून सांगतो. त्याचा अर्थ एवढाच असतो की जे तपासलं ते नॉर्मल आहे. जे तपासलंच नाही त्याबद्दल रिपोर्ट काय बोलणार? बावीस वर्षं या लाईनमध्ये असून मला हे स्वतःच्या भावाच्या बाबतीत सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गोळ्या आणायला गेला तेव्हा दादाने स्वतःहून तिथं सांगितलं, की साहेब विसरायला होतंय, हिशोब जमत नाहीत. उत्तर मिळालं, वयोमानाने होतं, व्हायरल लोड छान आहे, गोळी चुकवू नका, पुढचा पेशंट. मी कोणत्या सेंटरचं नाव घेत नाही आणि घेणार पण नाही कारण तिथली माणसं वाईट नाहीत, एका सकाळी शे-दीडशे पेशंट, दोन काउन्सिलर, कोण कुणाचं किती ऐकणार. पण चार वेळा सांगून चार वेळा तेच उत्तर मिळालं हे पण खरं आहे. पाचव्यांदा दादाने सांगितलंच नाही.

शेवटी मिरजेतल्या एका मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी जे समजावून सांगितलं ते ऐकून मी नंतर महिनाभर मोबाईलवर वाचत बसलो होतो, इंग्रजी कळतं तेवढं वाचलं, नाही कळलं ते त्यांनाच जाऊन विचारलं. ते आपल्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो.

एचआयव्ही फक्त रक्तात राहतो असं आपल्याला वाटतं. तो लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यातच मेंदूत पोचतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत लपून जातो. मेंदूत गेल्यावर जी पेशी विचार करते, आठवण ठेवते, म्हणजे न्यूरॉन, तिच्यात तो शिरत नाही. तो शिरतो मेंदूची राखण करणाऱ्या पेशींमध्ये, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. राखणदारच बिघडला की काय होतं, तो सारखी सूज आणणारी रसायनं सोडत राहतो, आणि विषाणूची काही प्रोटीन्स, जीपी १२० आणि टॅट ही त्यातली मुख्य, बाहेर पडून शेजारच्या न्यूरॉनला त्रास देतात. गोळ्या विषाणूला वाढू देत नाहीत, ते काम त्या एकदम चोख करतात, पण जो विषाणू आधीच पेशीच्या जीन्समध्ये घुसून बसलाय तो थोडं थोडं टॅट बनवतच राहतो, त्याला या गोळ्या अडवत नाहीत. शिवाय मेंदूभोवती रक्तातून येणाऱ्या गोष्टी अडवणारी एक भिंतच असते म्हणा, काही औषधं तिच्या पलीकडं कमीच जातात. म्हणून रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आणि डोक्यात धुमसणारी आग, असं एकाच माणसात असू शकतं.

आता ताणाच्या प्रोटीनचं सांगतो, मला स्वतःला हे कळल्यावर दादाकडं बघायची नजरच बदलली. प्रत्येक पेशीत अशी प्रोटीन्स असतात जी पेशी अडचणीत आली की कामाला लागतात. प्रोटीन बनलं की त्याची नीट घडी बसावी लागते, साडीच्या निऱ्या बसाव्या लागतात तशी, घडी चुकली तर ते काम करत नाही आणि उलट कचरा होऊन साचतं. ही घडी बसवायला मदत करणारं एक प्रोटीन आहे, त्याला बिप म्हणतात. एचआयव्ही असून वारलेल्या लोकांच्या मेंदूचे नमुने शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा त्यांना मेंदूच्या पेशींमध्ये हे बिप वाढलेलं दिसलं, म्हणजे पेशी आतून ताणाखाली होत्या, घडी न बसलेला माल साचत होता. अशा वेळी पेशी एक गोष्ट करते. आमच्या यार्डात आवक फार झाली की नवीन गाड्या आत घेत नाहीत, गेटवर सांगतात आधी आतला माल हलू द्या, पेशी पण तसंच नवीन प्रोटीन बनवणं तात्पुरतं थांबवते. दोन दिवस गेट बंद ठेवलं तर यार्डाला फायदाच होतो. पण महिनोन् महिने गेट बंद राहिलं तर? नवीन आठवण पक्की व्हायला न्यूरॉनला नवीन प्रोटीन बनवावं लागतं. तेच थांबलं तर सकाळी ऐकलेलं संध्याकाळी राहणार कुठून.

दुसरं एक प्रोटीन आहे, एफकेबीपी ५ असं त्याचं अवघड नाव. माणसाला ताण आला, भीती वाटली की शरीरात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं. काम झालं की हेच कॉर्टिसोल मेंदूला सांगतं की बास आता, बंद कर, आणि मेंदू बंद करतो. पण कॉर्टिसोल वाढलं की हे एफकेबीपी ५ पण वाढतं, आणि ते कॉर्टिसोलचा निरोप घेणाऱ्या जागेला चिकटून तिला बधिर करतं. म्हणजे बास म्हटलेलं ऐकू जात नाही. एकदा दोनदाचा ताण असेल तर परत सगळं जागेवर येतं, पण वर्षानुवर्षं ताण असेल तर भोंगा वाजतच राहतो, आणि आठवणी जिथं साठवल्या जातात तो मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या कॉर्टिसोलला फार हळवा असतो. डिप्रेशनमध्ये हे प्रोटीन काय करतं यावर जगभर अभ्यास झालाय आणि एचआयव्ही असलेल्यांच्या मेंदूतही ते तपासलं गेलंय.

म्हणजे विषाणूमुळे पेशीला होणारा ताण आणि समाजामुळे माणसाला होणारा ताण, हे दोन्ही शेवटी जाऊन त्याच डोक्यात एकत्र येतात. दादाच्या बाबतीत कशाचा वाटा किती ते कुठलंच मशीन सांगणार नाही. पण त्याला ताण किती होता ते मी सांगू शकतो. सोळा वर्षं त्याच्या गोळ्या मेथीच्या डब्यात, कारण तो डबा कोणी पाहुणा उघडत नाही. सांगलीत सेंटर असताना तो पहिली नऊ वर्षं गोळ्या आणायला दुसऱ्या जिल्ह्यात जायचा, पहाटेची एसटी धरून, यार्डात सांगायचा देवाला जातो, कारण इथं रांगेत कोणी हमाल किंवा गाडीवाला भेटला तर? पोराचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना कळलं तर म्हणून सहा महिने झोपला नव्हता. २०१९ च्या पुरात, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा, घरात पाणी शिरलं, आम्ही सगळे गादी, फ्रीज, कागदपत्रं वर काढतोय आणि हा कमरेइतक्या पाण्यात स्वयंपाकघरात मेथीचा डबा शोधतोय. वहिनी ओरडत होती मेथीचं काय घेऊन बसलाय, शेजारी मदतीला आलेले म्हणून तिलाही उघड बोलता येईना. डबा सापडला, गोळ्या भिजल्या होत्या. पाच दिवस गोळी नाही. त्या पाच दिवसात त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. हे सगळं त्याच्या अंगात कॉर्टिसोल बनून फिरत होतं हे आज कळतंय.

आता कोणी म्हणेल की म्हणजे एचआयव्हीवाले सगळे विसरभोळे होतात काय. नाही हो, असं अजिबात म्हणू नका. अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या १५५५ लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, २०१० ला छापून आला, त्यात साधारण निम्म्या लोकांच्या आठवणीच्या आणि विचार करायच्या चाचणीत काही ना काही कमतरता दिसली, पण त्यातल्या बहुतेकांची इतकी हलकी की रोजच्या कामात जाणवतही नव्हती, खरा डिमेन्शिया, म्हणजे रोजचं जगणंच अडेल इतका त्रास, शंभरात दोघांना. आणि आता बरेच तज्ञ म्हणतात की त्या मोजायच्या पद्धतीमुळं आकडा फुगलाय. एआरटी यायच्या आधी परिस्थिती फार वाईट होती, गोळ्यांनीच ती बदलली. त्यामुळं हे वाचून कोणी गोळी सोडू नका, गोळी सोडली तर डोक्याचं पण नुकसान होईल. पण ज्यांचा सीडी फोर एकेकाळी फार खाली गेला होता, दादासारखा, त्यांना हा धोका जास्त असतो, एवढं लक्षात ठेवा. म्हणून लवकर तपासणी आणि लवकर गोळी.

त्या डॉक्टरांनी दादाची जी पहिली चाचणी घेतली ती बघून मी घरी येऊन परत केली, स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर. पाच मिनिटं पण लागत नाहीत, ना सुई ना मशीन, फक्त घड्याळ. २००५ साली तयार झालीय, शाळा न शिकलेल्या माणसालाही घेता येते आणि जगात खूप ठिकाणी वापरतात, इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल नाव आहे. आधी चार शब्द सांगायचे, कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. त्याच्याकडून म्हणून घ्यायचे. मग ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताचा, दादाचा डावा, अंगठा आणि पहिलं बोट, जमेल तेवढं मोठं उघडून जमेल तेवढं भराभर टेकवायचं, पाच सेकंद. दादाचे १० झाले, १५ झाले तर पूर्ण ४ मार्क असतात, त्याला २. मग तोच हात टेबलावर, आधी मूठ, मग पंजा पालथा सपाट, मग पंजा उभा करंगळीच्या बाजूवर, परत मूठ, दहा सेकंदात चार वेळा झालं पाहिजे. दादा मूठ, पंजा, आणि परत मूठ करायचा. मध्येच थांबून स्वतःच्या हाताकडं बघायचा, जसा काय तो हात दुसऱ्याचा आहे. कसेबसे दोन फेरे. शेवटी शब्द विचारले. कुत्रा आठवला, लाल आठवला. अंगावर घालायचं काहीतरी होतं म्हटल्यावर टोपी म्हणाला, त्याला अर्धा मार्क. चौथा, भाजी होती म्हटलं, तर बराच वेळ विचार करून म्हणाला, "मेथी."

१२ पैकी साडेसहा. १० किंवा त्याच्या खाली आले तर पुढं तपासायला पाहिजे असं ते गणित आहे. वहिनीने पण करून बघितलं, तिला साडेअकरा. ही काही पक्की परीक्षा नाही, झोप झाली नसेल, मन खचलेलं असेल तरी मार्क कमी येतात, आणि हलका त्रास यात पकडला पण जात नाही. पण दादा दोन वर्षं ज्याला वेड लागतंय समजून रात्री जागत होता ते मोजता येतं, हे त्या पाच मिनिटात कळलं.

मग डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्या लिहून दिल्या, यातल्या निम्म्या तर मी स्वतः लॅबमध्ये केल्या. बी ट्वेल्व्ह १३८, बरंच कमी, त्याने पण विसरायला होतं. थायरॉईड ठीक. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची तपासणी, निगेटिव्ह. शुगर सीमारेषेवर, बीपी १६० आणि १००, म्हणजे कित्येक दिवस वाढलेलं असणार, ते पण मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतं. एमआरआयमध्ये गाठ, टीबी वगैरे काही नाही. आणि डिप्रेशन होतं, चांगलंच होतं, ते आम्हाला घरच्यांना दिसलं नव्हतं. पूर्वी त्याला रात्रीची जी गोळी होती त्यात इफाव्हिरेन्झ असायचं, त्याने चक्कर आणि विचित्र स्वप्नं पडतात हे सगळ्या पेशंटना माहिती आहे, ती कोरोनानंतर बदलून डोल्युटेग्रावीरची दिली, तिच्यावर आता त्याला झोप बरी लागते कारण डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं, बीपीची गोळी, डिप्रेशनची गोळी, आणि रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाणं. आठ महिने झाले. दादा पूर्वीसारखा झाला असं मी म्हणणार नाही, छताकडं बघून आकडा सांगणं गेलं ते गेलं. पण खिशात छोटी डायरी ठेवतो, सगळं लिहितो, रस्ता चुकत नाही, आणि परत बोलायला लागलाय. त्याच आडतीवर आता हळदीचं सॅम्पल बघतो, राजापुरी हळकुंड हातात घेऊन मोडून वास घेतला की माल कसा आहे ते अजून कोणापेक्षाही बरोबर सांगतो. ते त्याच्या बोटात आहे, ते गेलं नाही.

यात मला जी गोष्ट टोचते ती ही, की यातली एकही तपासणी महागाची नव्हती, एमआरआय सोडला तर. ताणाच्या त्या प्रोटीन्सची तपासणी आमच्या लॅबमध्ये होत नाही आणि रोजच्या कामाला तिची गरज पण नाही, ते शास्त्रज्ञांचं काम, पुढं त्यातून औषध निघेल तेव्हा निघेल. आज जे पाहिजे ते एवढंच आहे की गोळ्या देणाऱ्या सेंटरमध्ये वर्षातून एकदा, जेव्हा व्हायरल लोडसाठी रक्त काढतात त्याच दिवशी, ही पाच मिनिटांची चाचणी घ्या. डॉक्टरच पाहिजेत असं नाही, काउन्सिलर किंवा नर्स घेऊ शकतात. कार्डावर सीडी फोरच्या शेजारी हा आकडा पण लिहा, म्हणजे गेल्या वर्षी ११ होता आणि यंदा ८ आला तर कोणाच्या तरी डोळ्यात भरेल. आणि पेशंटला तीन साधे प्रश्न विचारा, हिशोब चुकतात का, रस्ता चुकतो का, गोळी घेतली की नाही ते आठवतं का. शेवटचा प्रश्न तर त्यांच्याच कामाचा आहे, कारण जो विसरतो तो गोळी पण विसरणार, आणि मग इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. मार्क कमी आले तर मोठ्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार आणि मेडिसिनची ओपीडी असते, चिठ्ठी देऊन पाठवा. सोबत घरचं कोणीतरी, पेशंटची परवानगी घेऊन, आत बोलवा, कारण विसरणाऱ्या माणसाला तो काय विसरतो ते विचारून कसं कळणार, ते घरचेच सांगणार.

एके काळी सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे एचआयव्हीच्या बाबतीत देशातल्या जास्त धोक्याच्या यादीत होते. पण याच सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेने काम उभं केलं, वेश्या व्यवसायातल्या बायकांनी स्वतःची व्हॅम्प ही संघटना १९९६ ला इथंच बांधली, आणि ज्या काळात डॉक्टर हात लावायला घाबरत होते त्या काळात या बायका गल्लीगल्लीत जाऊन लोकांना समजावून सांगत होत्या. हे आपल्या जिल्ह्याने केलंय. तेव्हा ही एवढीशी पाच मिनिटांची गोष्ट पण पहिली इथं चालू होऊ शकते, दिल्लीवरून जीआर यायची वाट कशाला बघायची.

यार्डातल्या, कारखान्यातल्या, दुकानातल्या मालक लोकांना पण एक विनंती आहे. तुमच्याकडचा जुना माणूस अचानक चुकायला लागला, हात थरथरायला लागला, तर प्यायला लागला असं लगेच ठरवू नका. दादाच्या मालकांनी त्याला काढलं नाही, काम बदलून दिलं, त्यामुळं आज तो उभा आहे. आणि ज्यांना कळलंय की अमक्याला एचआयव्ही आहे त्यांनी ते चहाच्या गाड्यावर बोलू नये, त्यासाठी २०१७ चा कायदा आहे, एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं, विश्वासाने सांगितलेली माहिती फोडणं याला त्यात मनाई आहे. ज्यांना कोणाला बोलायचं असेल, नाव न सांगता, त्यांच्यासाठी सरकारची १०९७ ही हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

दादाच्या पुढच्या गोळ्यांची तारीख या महिन्याच्या २२ ला आहे. यावेळी मी रजा टाकून सोबत जाणार आहे. ती चाचणी मराठीत एका कागदावर लिहून काढलीय, मूठ, पंजा, उभा पंजा याची चित्रं माझ्या पोरीने पेन्सिलने काढून दिलीत, वीस झेरॉक्स मारल्यात, त्या काउन्सिलर मॅडमना देणार आहे. दादा म्हणाला, पहिल्यांदा माझीच घ्या म्हणावं, बघू तरी किती होतंय. काल रात्री वहिनीसमोर बसून तो डाव्या हाताने मूठ, पंजा, उभा पंजा करत होता, तीन फेरे झाले.

कळावे,
आपला नियमित वाचक,
मिरज
(कृपया नाव छापू नये)